मोठ्या आत्यांची नजर

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली, की धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत मोठ्या आत्या जळगावात उतरतातच. खानदेशातल्या कुठल्याही भाऊबंदकीत अशी एक आत्या असते. कानबाई म्हणजे नथ-डोळे लावून सजवलेला नारळ. तिच्यासाठी घरोघरचे जुने डबे उघडतात. बाकीच्या बायका डोळे मिटून हात जोडतात; आत्या आधी चष्मा पुसतात.

सुनेनं देवीच्या गळ्यात सोन्याचं फूल अडकवलेलं असतं. ‘‘अगं, हे अंबाड्यातलं! पेंडंटला कडी वर असते. याला मागं आकडा आहे बघ, खोवायला.’’ मग तळहातावर तोलून, ‘‘दिसतं मोठं, पण आत लाख भरलीय. सोनं फार तर पाच मासे.’’ बारा माशांचा तोळा; ग्रॅम आत्यांना मान्य नाहीत. राखडी कुठं, मूद कुठं, केतक कसं, हे त्या तिथंच दाखवू पाहतात. नारळाला अंबाडा नाही, हा त्यांना देवीचाच दोष वाटतो.

एकदा चाळीसगावकडच्या पाहुण्यांनी चांदीची झुंबरं आणली, ‘आजीची कानातली’ म्हणून. ‘‘कानातली कसली? ही लमाणी बायकांची टोपली. कानाशेजारच्या बटेला बांधतात.’’ सगळे माना डोलावत असतानाच पुढचा प्रश्न आला : ‘‘तुमच्याकडे कुणी गहाण ठेवली होती?’’ आजोबांची सावकारी भर पूजेत उघडी पडली.

पंचाईत आहे ती हीच. वस्तुसंग्रहालयातला जाणकार दागिन्याचा काळ सांगून थांबतो. आत्या मालक सांगतात. ‘‘ही राखडी धाकट्या काकूंची ना? वाटणीच्या वेळी सापडत नव्हती ती?’’ आरतीचं तबक हवेत थबकतं. त्या रात्री जागरणाला गाण्यांची गरज पडत नाही.

शेवटी एका शहाण्या सुनेनं ती राखडी सराफ बाजारात मोडली आणि साखळी करून घेतली. जळगावचं सोनं चोख म्हणून नावाजलेलं, त्यात २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा. साखळीवर अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा कोरा करकरीत क्रमांक आला. मागचा सगळा इतिहास मुशीत वितळला, या समाधानात सून पुढच्या कानबाईला मिरवत होती.

आत्यांनी साखळी हातात घेतली, उजेडात धरली, दोनदा तोलली. फार खूश झाल्या की त्या अहिराणीवर येतात.

‘‘हाई तं धाकली काकूनंच सोनं शे!’’