प्रेषकाचे पत्ते : एक घर, एक संगणक

घरगुती संगणकावरून जाणाऱ्या ईमेलला दोन प्रेषक असतात: मजकूर लिहिणारा आणि ज्याच्या नावावर तो मजकूर खपतो तो. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात संगणक बहुधा मुलाच्या शिक्षणासाठी येतो, खाते मुलगाच उघडतो, आणि नळाला पाणी न आल्याची आजोबांची सविस्तर तक्रार महापालिकेकडे ‘डॅशिंग बॉय’ या नावाने रवाना होते. हे टाळण्यासाठी थंडरबर्ड या मोफत प्रणालीत पुढील क्रमाने जावे.

१. नाव : खात्याच्या सेटिंगमधील ‘युवर नेम’ या रकान्यात जे लिहावे तेच समोरच्याला दिसते. संगणक त्याची शहानिशा करत नाही. ती जबाबदारी घरातल्या वडीलधाऱ्यांची. देवनागरीतले नावही चालते.

२. ओळखी : ‘मॅनेज आयडेंटिटीज’मध्ये प्रत्येक सदस्याची वेगळी ओळख तयार करावी. प्रत्येकीला स्वतंत्र पत्ता व सही देता येते. ‘निवृत्त मुख्याध्यापक’ हे सहीत घालावे, नावात नव्हे. 2023 मध्ये शहराचे नाव बदलले, तरी सहीतले आपोआप बदललेले नाही. संगणक राजपत्र वाचत नाही.

३. आउटगोइंग सर्व्हर : बहुतेक घरे इथेच अडतात. 1982 साली एसएमटीपीचे, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले गेले तेव्हा त्यात पासवर्ड नव्हता. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र धाडावे. पासवर्डची सोय 1999 मध्ये आली. आता नातवाच्या जीमेल सर्व्हरवरून आजोबांचा पत्ता लावून पाठवले आणि तो पत्ता नातवाच्या खात्यात पडताळलेला नसला, तर जीमेल तो काढून नातवाचाच लावते. म्हणून आजोबांच्या ओळखीला आजोबांच्याच खात्याचा सर्व्हर जोडावा: पोर्ट 587, सुरक्षा स्टार्टटीएलएस, किंवा पोर्ट 465, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. पासवर्ड पासबुकाच्या शेवटच्या पानावर सापडतो. पडताळणीचा कोड मात्र ज्या मोबाइलवर येतो तो वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीत असतो. सबब हे काम सुट्टीच्या दिवशी काढावे.

४. रिप्लाय-टू : उत्तर कोठे यावे ते इथे ठरते. पत्र बाबा लिहीत असले आणि निर्णय आई घेत असली, तर आईचा पत्ता घालावा.

५. डिफॉल्ट ओळख : नवे पत्र उघडताच हीच ओळख पुढे येते. हा मान वयाने वा कर्तृत्वाने देऊ नये. ‘फ्रॉम’चा रकाना कधीच न बघणाऱ्या सदस्याला द्यावा. उत्तर देताना मूळ पत्र ज्या पत्त्यावर आले त्याचीच ओळख प्रणाली निवडते, त्यामुळे तिथे भांडण नाही.

६. तपासणी : प्रत्येक ओळखीतून घरातल्याच दुसऱ्या पत्त्यावर एक पत्र पाठवावे. नाव, पत्ता व सही पाहावी, मग ‘रिप्लाय’ दाबून उत्तर कोणाकडे निघाले ते पाहावे. चारही बरोबर निघाल्यावरच पाण्याची तक्रार पुन्हा पाठवावी.