काळी टेप पोचली

कॉव्हेन्ट्री, रविवार

ती. आई-बाबांस,


पार्सल मिळालं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सगळं शाबूत. बाबा, मेतकुटाच्या पिशवीत तुम्ही खुपसलेली काळ्या टेपची रिळंही मिळाली. टेपला आता मेतकुटाचा वास येतो. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहितो.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझ्या टेस्टरची वायर काय दिसली, तुमचा रोज फोन! झालं एवढंच की जोडीदाराने घाईत पॅनेलचं दार लावलं आणि वायर दारात चेपली. वरचं काळं कवच फाटून आतलं पांढरं अस्तर दिसायला लागलं. तांबं अजून आतच आहे. पण पांढरं दिसलं की वायर बाद, हे कळावं म्हणूनच ती तशी बनवलेली असते. सुपरवायझरने लगेच लाल चिठ्ठी बांधून टेस्टर कपाटात कोंडला.

इथे टेस्टरसाठी जीएस ३८ नावाची सरकारी पुस्तिका आहे. प्रोबचं उघडं टोक ४ मिलिमीटरहून जास्त नको, जमलं तर २च. बोट घसरू नये म्हणून पुढे कठडा हवा. दोन वायरी वेगवेगळ्या रंगांच्या हव्यात. म्हणायला हे नुसतं मार्गदर्शन, कायदा नव्हे. पण तिचं नाव निघालं की भलेभले सोवळं नेसल्यासारखे हात आखडून उभे राहतात.

माझ्या टेस्टरची वायर त्याच्या अंगातच ओतलेली. बदलता येत नाही. नवा घ्यायचा तर सत्तरेक पौंड. बाबा, गुणाकार करू नका. केलात ना? सात हजारांच्या वर! शिवाय टेस्टर खरं बोलतोय का हे कामाआधी आणि कामानंतर बघायला आणखी एक डबी लागते, तीही जवळपास त्याच भावात. घरी अश्विनी विचारते, मग त्या डबीला कोण तपासतं?

तुमचा उपाय ठाऊक आहे. वायर सोल, पीळ दे, टेप मार. भोसरीत तुमची अख्खी नोकरी त्यावर निघाली. पण टेपखाली एकेक तार तुटत गेली तर? लाइन चालू असून टेस्टर पेटत नाही. बिघडलेला टेस्टर गप्प बसतो, आणि आपण समजतो सप्लाय बंद आहे, घाला हात. औंधच्या आयटीआयमध्ये सर ओरडायचे, आधी चालू सॉकेटवर टेस्टर लावून बघा. घरी आल्यावर तुम्हीही तेच ओरडायचात. आता टेप पाठवता!

आई, मावशीच्या सुनेचं कळलं. दापोडीत राहून सांगवीच्या पार्लरला जाते म्हणून एवढा गहजब? मावशीला म्हणावं, जाऊ दे तिला. सोसायटीची लिफ्ट पुन्हा बंद, हेही कळलं. डायनासोर गार्डनच्या कट्ट्यावर बाबांनी त्यावर भाषण ठोकलं म्हणे. लिफ्टवाल्यापर्यंत पोचलं का?

इथे सुट्टी शनिवार-रविवार, भोसरीसारखी गुरुवारी नाही. पण गुरुवार उजाडला की अजून वाटतं, आज बाबा घरी असतील. दुपारी लाइट जाईल, पंखा थांबेल, सगळे गॅलरीत येऊन बसतील आणि आई, तू पन्हं करशील. इथे लाइट जातच नाही. आमच्या ओवीला 'लाइट गेले' म्हणजे काय ते सांगावं लागतं.

बाबा, माळ्यावरचा तुमचा तो टेस्ट लॅम्प, होल्डरला दोन उघड्या वायरी जोडलेला, तो आजच्या आज मोडीत काढा. माझ्या नव्या टेस्टरबरोबर तुमचाही घेतलाय, दिवाळीला आणतो. तोवर सोसायटीत कुणीही मीटरपाशी बोलावलं तरी जायचं नाही, सरळ वायरमनचा नंबर द्यायचा. आई, लक्ष ठेव.

तुमचा,
संतोष