निष्कर्ष : जनजागृती होणे गरजेचे आहे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शालेय प्रकल्पाचं शेवटचं पान मला न उघडता वाचता येतं. विषय जलप्रदूषण असो, महिला बचत गट असो, मतदारांची उदासीनता असो, नाहीतर महागाई. खाली लाल स्केचपेनने चौकट आखून लिहिलेलं असतं, 'निष्कर्ष : याबाबत समाजात जनजागृती होणे गरजेचे आहे.' इतकी पोरं इतकी वर्षं जागं करतायत, तरी समाज ढिम्म हलत नाही. बहुधा आदल्या रात्री तोच प्रकल्प लिहीत बसलेला असतो, त्यामुळे दिवसा त्याला डुलकी लागते.

पण हसण्यावारी नेऊ नका. प्रकल्प-स्वाध्याय-तोंडी असल्या फुटकळ गोष्टींच्या वीस गुणांची ताकद आमच्या घराने सोसलेली आहे. आमचा थोरला 2019 च्या दहावीच्या तुकडीतला. त्या वर्षी भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले होते. आदल्या वर्षी 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल धाडकन 77.10 वर आला. बोंबाबोंब झाली, गुण परत आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. पोरं एका वर्षात अठरा टक्क्यांनी हुशार होत नसतात. थोरला अजून पेढे वाटायचा विषय निघाला की म्हणतो, 'आमच्या वर्षी खरे मार्क होते.'

तर या वीस गुणांची बाजारपेठ पाहायची असेल, तर प्रकल्प जमा करायच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं. आमच्या पेठेतल्या दुकानदाराला सगळे 'भाऊ' म्हणतात. काउंटरवर लॅमिनेशनचं मशीन, स्पायरल बाइंडिंगच्या वेटोळ्यांचा ढीग, मागे भिंतीवर थोर नेत्यांचे आणि मानवी पचनसंस्थेचे तक्ते शेजारी शेजारी. समोर गणवेशातली मुलं आणि ऑफिसातून परस्पर आलेल्या आया.

'भाऊ, अकरावी अर्थशास्त्र.'

'बँकेला भेट की आठवडे बाजार?'

'आठवडे बाजार.'

'बाजार संपला. सकाळपासून चाळीस गेले. बचत गट घेऊन जा, बारा पानी आहे, चित्रांसकट.'

'पण सरांनी बाजार दिलाय.'

'ताई, आत सगळं तेच असतं. मुखपृष्ठ बदलून देतो. फक्त ऋणनिर्देश तेवढा घरी हाताने लिहा, गेल्या साली एका मुलाने दुसऱ्याच्याच आईवडिलांचे आभार मानले होते.'

रंगीत प्रिंटचा दर त्या संध्याकाळी चढलेला असतो. विचारलं तर उत्तर, 'कागद महागलाय.' कागद सकाळी नव्हता महागला. आल्फ्रेड मार्शलने 1890 साली मागणीची लवचीकता पुस्तकात नीट मांडली. तेव्हापासून पाठ्यपुस्तकं अलवचीक मागणीला मिठाचं उदाहरण देत आली आहेत, दर वाढला तरी माणूस मीठ तेवढंच घेतो म्हणून. माझं म्हणणं, मीठ काढा आणि रात्री नऊ वाजताचा पिवळा कार्डशीट घाला. मीठ निदान शेजारणीकडे मागता येतं.

धाकटी अकरावीला गेली तेव्हा मी ठरवलं, तयार फाईल घरात येणार नाही. विषय आला 'माझ्या कुटुंबाचे मासिक अंदाजपत्रक'. हा काही भाऊंकडे मिळत नव्हता. कार्टी वही-पेन घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसली आणि आमच्या सुखी संसाराची पहिली अधिकृत पाहणी सुरू झाली.

'बाबा, पगार किती लिहू?'

'पगार कशाला लिहायचा? घराचं सांग ना, घर स्वतःचं आहे म्हणून.'

शेवटी नवऱ्याने आयकर खात्याचा माणूस दारात उभा असावा अशा बेताने एक आकडा सांगितला. मी लगेच तो वाढवला, कारण अर्थशास्त्राच्या सरांच्या मिसेस माझ्या भिशीत आहेत. पोरीने दोन्हींची सरासरी काढली आणि खाली लिहिलं, 'स्रोत : प्राथमिक माहिती.' सासूबाईंनी तर सुरुवातीलाच हात झटकले, 'माझा काय खर्च? मला वगळा.' सासऱ्यांच्या पेन्शनमधली त्यांची शिल्लक तांदळाच्या डब्यात असते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तांदळाच्या डब्याला रकाना नव्हता. भिशीलाही नव्हता. अर्थशास्त्रात ज्याला असंघटित क्षेत्र म्हणतात, ते आमच्याकडे फडताळात राहतं.

पुढे आला एंगेल. हा मार्क्सचा दोस्त एंगल्स नव्हे, हा एर्न्स्ट एंगेल, जर्मन संख्याशास्त्रज्ञ. 1857 मध्ये त्याने सांगून ठेवलंय की उत्पन्न वाढेल तसा खर्चातला अन्नाचा वाटा कमी होतो. हे ऐकल्यावर आम्ही उभयता हिरिरीने कामाला लागलो. हॉटेलातलं जेवण 'मनोरंजन'मध्ये टाकलं. दूध 'आरोग्य'मध्ये. कोल्हापूरला लग्नाला जाताना खाल्लेली मिसळ नवऱ्याच्या आग्रहावरून 'प्रवास'मध्ये गेली. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्च पाहणीत अन्नाचा वाटा खेड्यात सुमारे 47 टक्के आणि शहरात सुमारे 40 टक्के निघाला होता. आमचा 19 निघाला. एका बैठकीत आम्ही विकसित राष्ट्र झालो.

पोरीने वर पाहिलं. 'आई, मग 'इतर' या रकान्यात सगळ्यात जास्त का?'

कुणी बोलेना. सासूबाई जप करू लागल्या.

सरकारचंही असंच होतं म्हणा. 2017-18 मध्ये अशीच खर्चाची पाहणी झाली होती, पण आकड्यांच्या दर्जाबद्दल शंका काढून तिचा निकाल बाहेरच येऊ दिला नाही. हे पोरीनेच वाचून दाखवलं, तर नवरा उत्साहाने म्हणाला, 'मग आपणही नको देऊ या ना!'

भूगोलात तेवढा आमच्या घराला कधी त्रास झाला नाही, कारण भूगोल घरापासून लांबचा आहे. 2018 पासूनचं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं, त्यामुळे दोन्ही मुलांच्या दहावीत आमच्याकडे ब्राझीलची जितकी चर्चा झाली तितकी शेजारच्या जिल्ह्याची झाली नसेल. पुस्तकात क्षेत्रभेट आहे नळदुर्ग ते अलिबाग. मुलांची प्रत्यक्षातली क्षेत्रभेट बिस्किटाच्या कारखान्यात झाली आणि निष्कर्ष म्हणून एकेक पुडा मिळाला. धाकटी मोठ्याने पाठ करत होती, ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस फार कमी, त्या भागाला 'अवर्षण चतुष्कोन' म्हणतात. सासूबाई दुष्काळी दहिवडीकडच्या. त्यांनी जपाची माळ खाली ठेवली.

'मग तिथली माणसं काय करतात गं?'

'काय करतात म्हणजे?'

'जनावरं कुठं नेतात? बायका पाण्याला किती लांब जातात? पोरं मुंबईला जातात का?'

'आज्जी, तिथे मुंबई नाही. आणि हे पोर्शनमध्ये नाही.'

धाकटीला रोजगार हमी योजनेचा धडा अर्थशास्त्रात येणार होता, तो या बाईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आधीच पुरा केला आहे. सासूबाईंचं म्हणणं कुठल्या रकान्यात बसवावं, ते मला सुचेना. पोरीला मात्र सुचलं. फाईल बंद करून ती आजीजवळ जाऊन बसली. त्या तासाभराचे गुण कुणी दिले नाहीत.

राहता राहिलं करिअर. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. थोरल्याचा पहिला कल आला ललित कला, दुसरा गणवेशधारी सेवा. आम्ही नवराबायको कागद उलटासुलटा करून पाहत बसलो. सासूबाईंनी क्षणात उलगडा केला, 'म्हणजे बँडमध्ये जाईल.' आता तो एका सीएच्या ऑफिसात बसून लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. चाचणीला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही तो कागद त्याच्या कॉमर्सच्या प्रवेशअर्जाखाली ठेवला होता.

धाकटीला यंदा स्वाध्याय आला, 'एका व्यावसायिकाची मुलाखत घ्या.' वर्गातल्या बहुतेकांनी डॉक्टर घेतले, म्हणजे इंटरनेटवरून घेतले. ती गेली भाऊंकडे. भांडवल किती, मशीनचा हप्ता किती, कुठले महिने सुके जातात, सगळं तिने विचारलं आणि भाऊंनी सगळं खरं सांगितलं. माझ्या नवऱ्याने स्वतःच्या पगाराबद्दल जेवढं सांगितलं होतं, त्याहून पुष्कळच जास्त. शेवटी तिने विचारलं, 'तयार प्रकल्प विकणं तुम्हाला बरोबर वाटतं का?' भाऊ म्हणाले, 'माझा मुलगा दुसऱ्या दुकानातून आणतो. इथला नेला तर सर ओळखतात.' तिने तेही जसंच्या तसं लिहिलं.

वीसपैकी सतरा मिळाले. संदर्भसूची नाही, म्हणून तीन कापले.

तेव्हा पालकहो, उद्या तुमचं मूल रकाने आखून समोर बसलं, तर घाबरू नका, खरा आकडा सांगून टाका. मिसळ अन्नात धरा, भिशी सांगा, तांदळाचा डबासुद्धा सांगा. सरांपुढे साठ फायली असतात, वर मतदारयाद्यांचं काम असतं. ते फक्त मुखपृष्ठ आणि समास बघतात.