हवामान खातं

"काल पावसावर होतो, मामा. आजपासून उन्हावर आलोय."

भाचा मोबाइलमधून मान वर न काढता हे बोलला, तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पीकविम्याचा फॉर्म भरायला एक आजोबा सातबारा घेऊन उभे होते. त्यांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर आभाळाकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मग आज फवारणी करून घेऊ का, सायेब?"

तेव्हापासून त्याचं नाव हवामान खातं पडलं.

पोरगा माझ्या थोरल्या बहिणीचा. गाव तेरजवळ, मुक्काम धाराशिवात माझ्याकडं. कागदोपत्री तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, आणि स्पर्धा तो खरोखरच करतो; फक्त आयोगाची नाही, पोकेमॉनची. लहानपणी चीटोजच्या पुडीत निघणारे टॅझो आम्ही त्याला मायेनं आणून देत होतो. त्या मायेचं हे व्याज.

खेळ असा. आपले सहा राक्षस, समोरच्याचे सहा. प्रत्येकाला चार डाव. राक्षसांच्या जाती अठरा, आणि कोणत्या जातीचा मार कोणाला दुप्पट बसतो, कोणाला निम्मा, याचा तक्ता पाठ लागतो. राक्षस हा शब्द माझा. त्यातल्या निम्म्यांना बघून आमच्या गल्लीतलं कुत्रंही भुंकणार नाही. ब्राउझरमध्ये पोकेमॉन शोडाउन उघडायचं, फुकटात संघ बांधायचा आणि जगात कुठंतरी बसलेल्या अनोळखी माणसाकडून मार खायचा. लॅडरवरचं, म्हणजे क्रमवारीतलं, रेटिंग हजारावर सुरू होतं. भाच्याचं हजाराला धरून आहे. घरच्या मातीला धरून असलेला मुलगा म्हणतात तसं.

हरायचं कारण अकलेची कमी नाही. अक्कल भरपूर आहे. कारण हे की तो कायम मागच्या महिन्यात जिंकलेला संघ घेऊन या महिन्यात उतरतो.

दर महिन्याच्या सुरुवातीला कोणता राक्षस किती जणांनी वापरला याचे आकडे येतात. त्या दिवशी दुकान मी एकट्यानंच चालवायचं. ज्याचा वापर 4.52 टक्क्यांच्या वर, तो वरच्या पंगतीत. हा आकडा कुठून आला म्हणून मी सहज विचारलं, तर त्यानं झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर गणित मांडून दाखवलं : पंधरा लढती खेळलात तर त्यात तो राक्षस एकदा तरी भेटायची शक्यता बरोब्बर निम्मी. एवढं गणित येणारा मुलगा आयोगाच्या पेपरात गणिताला हात लावत नाही. असो. तर आकडे आले की त्याचा जुना संघ मोडला आणि वरच्या पंगतीतून नवा उभा राहिला. तोवर बाकीच्या जगानं त्या पंगतीला पाडायचे उपाय शोधलेले असतात.

पावसाचा संघ त्याचा सगळ्यात लाडका. पेलिपर नावाचा पाणपक्षी मैदानात आला की आपोआप पाऊस सुरू होतो. पाण्याचा मार दीडपट, आगीचा निम्मा. "2010 च्या गेममध्ये तर असा पाऊस लागला की थांबायचाच न्हाई, मामा. जो तो पावसावरच. मग 2013 ला नियम बदलला. आता पाचच पाळ्या पडतो. ओला दगड जवळ ठेवला तर आठ." दाजी, म्हणजे त्याचे वडील, बाजाराला आलेले, चहा पीत ऐकत होते. म्हणाले, "आमच्याकडं बी तसंच झालं की. फकस्त दगडाचं कुणी सांगितलं न्हाई."

मग उन्हाचा महिना. टोर्कोल नावाचं कोळशावर चालणारं कासव. ते मैदानात आलं की ऊन पडतं. त्याच्या त्या गुणाला गेममध्ये जे नाव आहे त्याचा सरळ मराठी अर्थ दुष्काळ. माणसं हौसेनं संघात दुष्काळ घेतात हे ऐकून दाजींनी कप खाली ठेवला. "इकत घेतेत का फुकट?" फुकट म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

त्याच कासवापायी मग तो ट्रिक रूमवर गेला. यात पाच पाळ्यांपुरता नियम उलटा होतो : जो सगळ्यात संथ, त्याचा डाव आधी. ही खोली कायमची लागलेलं एक कार्यालय मला ठाऊक आहे, पण ते जाऊ द्या. भाच्यानं जगातले सगळे मंद राक्षस गोळा केले, आणि समोरच्यांनी पाच पाळ्या निवांत टोलवून सहाव्या पाळीला त्याला धुतलं.

त्यानंतरचा महिना मात्र आमच्या घराण्याला शोभेलसा होता. या प्रकाराला स्टॉल म्हणतात. मारायचं नाही. टॉक्सापेक्सनं समोरच्याला विष लावायचं, ब्लिसीनं मार खायचा, मार भरून काढायचा, परत खायचा. समोरचा कंटाळून उठेपर्यंत. एक लढत जेवणाआधी सुरू झाली ती भांडी घासून झाली तरी चालू. मी म्हटलं, हा तर बांधाचा दावा. आमच्या आजोबांनी भावकीशी असाच एक लढवला होता. त्यांनी फक्त तारखा भरून काढल्या.

यश मिळत नाही म्हटल्यावर तो पाचिरिसूची गोष्ट सांगतो. 2014 च्या जागतिक स्पर्धेत से-जून पार्क या कोरियन खेळाडूनं पाचिरिसू नावाची शेपटीफुगी खार संघात घेतली. कुणी ढुंकून बघत नव्हतं तिच्याकडं. समोरचे दणके तिनं स्वतःवर ओढून घेतले, शेजारच्या गॅरॅडॉसला रान मोकळं करून दिलं, आणि पार्क जगज्जेता झाला. गोष्ट सांगताना भाच्याचा आवाज कातर होतो. यातून त्यानं काय घेतलं? खार घेतली. अकरा लढती सलग हरला.

गंमत म्हणजे हाच मुलगा वडिलांना सोयाबीनवरून झापतो. "सगळे पेरायलेत म्हणून तुमी बी पेरायलाव. सगळ्यांचं एकदमच बाजारात आलं की भाव पडणार, एवढं साधं कळत न्हाई?" हे बोलताना त्याचा अंगठा संघात पेलिपर टाकत असतो, कारण सगळे टाकत असतात. दाजी उलटून बोलत नाहीत. तुरीचा भाव चढला की पुढच्या साली तूर, कांदा चढला की कांदा. त्यांच्या लॅडरवरही ते हजाराच्याच आसपास.

एकदाच मला त्याचं काही निराळं दिसलं. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पावसानं शिवारंच्या शिवारं खरवडून नेली. त्या महिन्यात त्यानं पावसाचा संघ उघडला नाही. विचारलं तर म्हणाला, "मेटा बदललाय, मामा." मेटा म्हणजे खेळातली सध्याची चलती. ती बदललेली नव्हती, एवढं आता मलाही कळतं.

परवा दाजी आले ते बराच वेळ त्याच्या खांद्यावरून मोबाइलात बघत बसले. शेवटी म्हणाले, "ह्यात आपली शेरडं न्हाईत का रं?"

आमच्या जिल्ह्याचं नाव 2023 ला बदललं, शेळीचं अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, काटक, दुष्काळात झुडपावर निभावणारी आणि जुळी देणारी. गेममध्ये गोगोट नावाचा बोकड निघाला, गवत जातीचा. "त्याला कोण घेतंय, आण्णा? आकडाच न्हाई त्याला." "न्हाई तर न्हाई. एकडाव घे."

वडिलांचं मन मोडायचं नाही म्हणून घेतला. समोर नेमका पावसाचा संघ आला. पाण्याचा मार गवताला निम्माच बसतो. बोकड भर पावसात उभा राहिला, मध्येच दूध पिऊन ताजातवाना झाला आणि शिंगानं एकेकाला झोपवत गेला. समोरच्यानं गवताचा डाव टाकून बघितला, तर बोकडानं तो खाऊन टाकला. तसा गुणच आहे त्याचा. दाजींनी मला चहा सांगायला लावला, वर गुलाबजाम.

काल सकाळी दुकान उघडलं तर हवामान खातं आधीच कामाला लागलेलं.

"बोकड कुठंय?" मी विचारलं.

"काढला. आता सगळे शेरडं आणतेत बघा. म्हणून मी लांडगा घेतलाय. लायकनरॉक."

"तो खडक जातीचा ना रे? खडकाला गवताचा मार दुप्पट बसतो, तूच शिकवलंस."

त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "ते तक्त्यात, मामा. पण त्याचा आकडा चढायलाय म्हणतेत."

मागं दारात ते पीकविम्याचे आजोबा परत आले होते. म्हणाले, "सायेब, आज कशावर हाव?"