इडियमकाका

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, लिफ्टची सगळी बटणं दाबून पळणारं एक पोरगं असतं आणि एक इडियमकाका असतात. चेअरमन पाच वर्षांनी बदलतो, पोरगं मोठं होऊन बंगलोरला जातं. इडियमकाका जागचे हलत नाहीत.

बहुधा ते बँकेतून निवृत्त झालेले असतात. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक डायरी. शिक्षण मराठी शाळेत, पिंड तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर आणि रेन अँड मार्टिनच्या व्याकरणावर पोसलेला. व्याकरणाचा गड सर झाला तेव्हा उरलेलं आयुष्य त्यांनी इंग्रजी वाक्प्रचारांवरून ओवाळून टाकलं. फाडफाड इंग्रजी बोलणारे लोक वेगळे, हे त्यातले नव्हेत. काका बोलतात मराठीच, चांगलं खणखणीत. मध्येच एक इंग्रजी वाक्प्रचार टाकतात आणि थांबतात. ही थांबायची जागा धोक्याची. तिथे तुम्ही "म्हणजे?" विचारलंत की अर्धा तास गेला. नाही विचारलंत तरी ते स्वतःच विचारतात, "आता हे आलं कुठून, आहे ठाऊक?"

अर्थाशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. अर्थ काय, कुठल्याही गाइडात मिळतो. काकांचा खरा माल म्हणजे उगम.

जुलैतल्या एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि आम्ही चार-पाच जण पार्किंगमध्ये अडकलो होतो. काका म्हणाले, "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" आणि थांबले. मग इंग्लंडातली गवताची छपरं आली, त्यांत उबेला झोपणारी कुत्री-मांजरं आली, पावसानं छप्पर निसरडं झालं आणि एकेक प्राणी धपाधप खाली येऊ लागला. पुराव्याला काकांकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरात जपलेला एक कागद आहे. 1999 साली सोळाव्या शतकातल्या राहणीबद्दलची एक ई-मेल जगभर फिरली होती, तिची ही छापील प्रत. त्या मेलमधल्या बहुतेक गोष्टी थापा आहेत, हे जाणकारांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. आमच्या वॉचमननं असलं संशोधन वगैरे काही वाचलेलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "पण काका, कुत्रं छपरावर चढलं कसं?" फोल्डरात याचं उत्तर नव्हतं.

काकांच्या उगमांचा ओढा स्वदेशाकडे जरा जास्तच. 'बाइट द बुलेट' त्यांनी 1857च्या काडतुसांना कधीच जोडून टाकलंय. वास्तविक फटके खाताना ओरडू नये म्हणून इंग्रज शिपाई तोंडात गोळी चावत, अशी नोंद फ्रान्सिस ग्रोसच्या बोलभाषेच्या कोशात 1796 सालीच आहे, म्हणजे उठावाच्या 61 वर्षं आधी. काकांना हे सांगून पाहिलं. "ग्रोस कोण?" म्हणाले, आणि विषय संपला.

पण त्यांच्या मुकुटातलं रत्न म्हणजे 'द होल नाइन यार्ड्स'. ही चक्क आपली नऊवारी! कुणा साहेबानं म्हणे पुण्यात लुगडं पाहिलं, नऊ वारांचा तो पसारा पाहून थक्क झाला, आणि 'संपूर्ण' या अर्थानं नऊ वार विलायतेला घेऊन गेला. काकू पलीकडे मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोजलं कुणी?"

आता गंमत पाहा. शोधणाऱ्यांना हा प्रयोग सापडला तो पुण्यात नाही, लंडनातही नाही. 1907 साली तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका गावच्या वर्तमानपत्रात छापला गेला होता. पुढे 1912 साली शेजारच्या केंटकीत तोच प्रयोग सापडतो, पण तिथे वार आहेत सहा! नक्की कशाचे वार, ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. ही माहिती मी काकांपासून लपवून ठेवली आहे. त्यांना कळली तर केंटकीत सहावारी पोचवायला त्यांना दोन मिनिटं लागणार नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभेत काकांचा खरा कस लागतो. गच्चीच्या गळतीचा खर्च कुणी द्यायचा, हा विषय वर्षानुवर्षं सगळे टाळत आलेले. काका उठले आणि म्हणाले, "मंडळी, देअर इज ॲन एलिफंट इन द रूम." आमचे सेक्रेटरी इतिवृत्ताच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांनी लिहिलं : 'सभागृहात हत्ती असल्याचे एका सभासदांनी निदर्शनास आणले. चर्चेअंती विषय तहकूब.' पुढच्या वर्षी रिवाजाप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. गच्ची गळतेच आहे, हत्ती मात्र कायम झाला.

ही जात आजकालची नव्हे. 'गलिव्हर'वाल्या जोनाथन स्विफ्टनं 1738 साली सभ्य लोकांच्या गप्पांवर एक पुस्तक काढलं. त्याचा कल्पित लेखक सायमन वॅगस्टाफ हा खिशात वही घेऊन बड्या घरांतून हिंडतो, कानावर पडलेला प्रत्येक घासून गुळगुळीत झालेला प्रयोग बाहेर पडल्याबरोबर टिपून ठेवतो, आणि हाच सुसंस्कृत संभाषणाचा कळस असं गंभीरपणे सांगतो. स्विफ्ट अर्थातच टर उडवत होता. ते कुत्र्या-मांजरांचं पाऊसपाणीही त्या पुस्तकात आहे. काकांच्या डायरीला एवढी जुनी परंपरा आहे.

वरच्या मजल्यावरचा मुलगा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची तयारी करतो. तिथे इडियम्सवर हमखास प्रश्न असतो, चार पर्याय, आणि उत्तर चुकलं की अर्धा गुण कापतात. तो 'ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स' विचारायला आला. काकांनी मध्ययुगीन फाशांच्या खेळापासून सुरुवात केली. पोरगं अंगठ्यानं पेन टकटकवत ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "काका, बी का सी?" काका दुखावले. उत्तर मात्र त्यांनी बरोबर सांगितलं.

काकांचा जावई हिंजवडीला असतो. दर रविवारी जेवायला येतो आणि वाढून होईपर्यंत कानाला फोन. 'बॉलपार्क फिगर' सांगतो, 'टच बेस' करतो, क्लायंटनं 'कर्व्हबॉल' टाकला म्हणून हळहळतो. शब्द सगळे बेसबॉलचे, पण जन्मात एक बेसबॉलचा सामना पाहिलेला नाही. काकांनी एकदा विचारलं, "बॉलपार्क म्हणजे नक्की काय हो?" जावईबापू म्हणाले, "म्हणजे अंदाजे, बाबा." अर्थ बरोबर होता. पुढे काही नव्हतं आणि त्याला हवंही नव्हतं.

या दोघांत मला काकाच परवडतात. सांगतात ते निम्मंअधिक खोटं, पण शब्द आला कुठून याची चौकशी करणारा आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांत तेवढा एकच माणूस आहे. तुमच्या सोसायटीतले भेटले तर "म्हणजे?" जरूर विचारा. फक्त हातात दुधाची पिशवी नसावी, आणि केंटकीचं नाव काढू नका.