लातूरची डाळ आणि करोडगिरी

परदेशातून परतलेल्या प्रवाशाच्या सामानाची झडती घेणाऱ्या खात्याला सरकारी दप्तरात ‘सीमाशुल्क विभाग’ असे भारदस्त नाव आहे खरे. परंतु आमच्या नांदेडच्या घरात त्या नावाने अद्याप उंबरा ओलांडलेला नाही. आमच्याकडे त्याला करोडगिरी म्हणतात. नातवंडांपैकी कुणी आजीच्या पिशवीत हात घातला, की ‘काय करोडगिरी चालू आहे रे?’ असा सवाल माजघरातून येतो. आणि ज्या पोराने निजामाचे राज्य तर राहोच, उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूरसुद्धा पाहिलेले नाही, ते पोर निमूटपणे हात बाहेर काढते.

शब्दाची कुळी मोठी आहे. अकबराच्या अमदानीत, १५७४-७५ च्या सुमारास, ज्याच्याकडे एक कोटी दामांचा वसूल सोपविला जाई तो करोडी; आणि चाळीस दामांचा एक रुपया होत असल्यामुळे हा कोट्यधीश प्रत्यक्षात अडीच लाखांचाच असे, हा भाग निराळा. पुढे मोगलाई गेली, दाम गेले, पण हैदराबाद संस्थानाने तो शब्द जिवापाड जपून आपल्या सरहद्दीवरच्या जकातीच्या खात्याला लावून दिला, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला त्याचा अर्थ गाठोडे सोडून दाखविल्याशिवाय कळला नाही.

त्या काळी परदेश म्हणजे बार्शी. अडीच फुटी रुळांवरून डुलत येणारी बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातुरास पोचली, तेव्हापासून लातूरकरांस परमुलखाची वाट खुली झाली. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचे, तिकडे कळदार रुपया, इकडे हाली, आणि सहा कळदार म्हणजे सात हाली हे त्रैराशिक ज्यास तोंडपाठ नसेल त्याने बाजाराची पिशवी उचलू नये असा शिरस्ता. आजी बार्शीहून नवे लुगडे घेई, धर्मशाळेतच त्याची घडी मोडी, पदराला हळदीचे बोट ओढी आणि तेच नेसून गाडीत बसे. नेसलेल्या लुगड्याला जकात मागण्याइतका करोडगिरीचा शिपाई निर्ढावलेला नसतो, हे तिचे अर्थशास्त्र. आणि ते बिनचूक होते. चूक होती ती आजोबांची. ते शाळामास्तर. ‘काही जकातपात्र माल?’ एवढे नाकेदाराने विचारण्याचा अवकाश, की त्यांनी मोरावळ्याच्या बरणीपासून सुरुवात करून, ज्या वस्तूंवर जकात नव्हती त्या आधी आणि जिच्यावर होती ती शेवटी, अशा क्रमाने सगळा कबुलीजबाब दिला, आणि बोटाने पदराची हळदही दाखविली. आजी लातूर येईपर्यंत बोलली नाही. आणि त्या गाडीचा वेग लक्षात घेता तो अबोला लहान नव्हता. पुढे १९४७-४८ साली सरहद्दीवरच्या छावण्यांतील तरुणांनी करोडगिरीचे नाके जाळले, त्याची वार्ता घरी आली तेव्हा सगळे घर स्वातंत्र्याच्या भावनेने थरारून गेले असता आजीने एवढेच विचारले म्हणे, ‘मग आता लुगड्याचे पैसे माघारी मिळतेत का?’

सत्यवचनाचा हा वारसा आमच्या सौभाग्यवतींच्या अंगी कसा उतरला, हा आनुवंशिकतेच्या नियमांपुढे पडलेला पेचच म्हणायचा, कारण आजोबांचे रक्त माझ्या अंगात आहे, त्यांच्या नव्हे. त्यांचे माहेर लातूर. त्यांचे थोरले बंधू तेथे चाळीस वर्षे आडत चालवीत आले असून डाळीच्या दाण्याकडे नुसते पाहून त्याचे गाव, साल आणि मालकाची नियत सांगतात अशी त्यांची ख्याती आहे. निदान ते स्वतः तसे सांगतात. २०१८ साली आम्ही कन्येकडे मेलबर्नला सहा महिन्यांसाठी निघालो, तेव्हा मेहुण्यांनी आपल्या दुकानातली चार किलो तूरडाळ कापडी पिशवीत शिवून नांदेडला पाठविली. ‘तिकडं डाळ म्हणून जे मिळतंय ते डाळ नसतंय,’ असा निरोपही सोबत होता. तिला जोड म्हणून आमच्या घरून येसर, खारोड्या, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, अर्धा किलो पेढे आणि परसातल्या कढीपत्त्याचा एक जुडगा निघाला. कपडे उरलेल्या जागेत गेले.

विमानात त्यांनी आम्हांस एक नारिंगी कार्ड दिले. त्यावर अन्न, धान्य, बी-बियाणे, दुधाचे पदार्थ इत्यादी काही जवळ आहे काय, अशी पृच्छा होती आणि खोटे सांगितल्यास दंडाची तंबी होती. मी ‘नाही’च्या चौकोनाकडे पेन नेत होतो, आजीचा नातू मी. सौ.नी पेन काढून घेतले, ‘होय’वर खूण केली, आणि जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूस मोडीला लाजवील अशा बारीक अक्षरात यादी लिहिली.

तपासणीच्या टेबलापाशी प्रथम एक कुत्रे आले, आमच्या पेटीपाशी बसले आणि उठेना. त्याच्या मागोमाग आला तो अधिकारी पगडीधारी, गोरापान, पंजाबी. त्याने रबरी हातमोजे चढविले, कापडी पिशवीची शिवण उसवली, डाळीत बोटे फिरविली, तिची फाकळ झालेली पाहून ‘ही उगवणार नाही’ असा निर्वाळा दिला आणि ती बाजूस ठेवली. मग येसर. भाजलेली ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाला एकत्र दळून केलेली ही भुकटी आमटीत पडेपर्यंत धान्य, पीठ, मसाला यांपैकी नेमकी काय असते, याचा निकाल मराठवाड्यातही लागलेला नाही. तेथे तो बिचारा काय लावणार! त्याने पुडी उघडून नाकापाशी नेली आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. कुत्रे तेवढे उठून गेले.

‘कुठून आलात?’ त्याने डोळे पुसत हिंदीत विचारले.

‘नांदेड,’ सौ. म्हणाल्या.

शिंकेसाठी उंचावलेला त्याचा हात तसाच राहिला. मग त्याने दोन्ही हातमोजे काढले, हात जोडले, मस्तक लवविले आणि म्हणाला, ‘हजूर साहिब!’ १७०८ साली गुरू गोविंदसिंग जेथे अखेरचे राहिले आणि ज्योतीत विलीन झाले, त्या गावी त्याची आजी दोनदा येऊन गेली होती, तो स्वतः अजून गेला नव्हता, आणि गोदावरीच्या काठी राहणारी दोन माणसे आज आपल्यापुढे उभी आहेत याचे त्याला इतके अप्रूप वाटले, की क्षणभर आम्हीच दर्शनास आणलेली मूर्ती आहोत असा मला भास झाला. मी मनात म्हटले, झाले, सुटलो! पंजाब्याने हातमोजे पुन्हा चढविले, पेढ्यांचा पुडा आणि कढीपत्त्याचा जुडगा उचलून शेजारच्या पिवळ्या डब्यात टाकला, आणि ‘माताजी, कायदा आहे’ असे म्हणून पुन्हा हात जोडले. बाकी मुद्देमाल सुटला. दंड नाही; कारण कबूल केले होते. सौ.नी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती पाहून आजोबांना स्वर्गात बरे वाटले असावे.

मेलबर्नच्या सहा महिन्यांचे वर्णन मी करीत नाही, ते सौ. सगळ्यांना करतात. एवढेच सांगतो, की जावईबापूंनी डाळ-भाताशी काडीमोड घेतला होता, आणि घराजवळच्या दुकानात भारतातून आलेली तूरडाळ पोत्यांनी रचलेली होती. परतायच्या दिवशी चारपैकी सव्वातीन किलो डाळ शिल्लक निघाली. कापडी पिशवीची केव्हाच पायपुसणी झाली होती. म्हणून लेकीने ती डाळ दोन मोठ्या प्लास्टिकच्या बरण्यांत भरून दिली, ज्यांवर कांगारूचे चित्र होते आणि आत पूर्वी शेंगदाण्याचे लोणी होते.

हैदराबादच्या विमानतळावर दोन वाटा असतात. ज्याच्यापाशी जाहीर करण्याजोगे काही नाही त्याने हिरव्या वाटेने जावे, ज्याच्यापाशी आहे त्याने लाल. तेव्हा पन्नास हजारांपर्यंतचा माल माफ असे, हे मी वाचून ठेवले होते, आणि आमच्या बरण्यांची किंमत तीनशेच्या आतच भरत होती. सबब मी हिरवीकडे वळलो. मागे पाहतो तो सौ. लाल वाटेत उभ्या. ‘अहो, अर्जात बियाणं विचारलंय. डाळ म्हणजे बियाणंच की!’ मेलबर्नने त्यांची घडी पक्की बसविली होती.

लाल वाटेवरचा अंमलदार वर्तमानपत्र वाचीत होता. आपल्याकडे आपण होऊन कुणी आले आहे, या गोष्टीवर त्याचा प्रथम विश्वास बसेना. सोने? नाही. टीव्ही? नाही. दारू? सौ.नी माझ्याकडे पाहिले, मग नाही. मग काय? त्यांनी दोन्ही बरण्या काढून त्याच्या वर्तमानपत्रावर ठेवल्या.

त्याने झाकण उघडले, एक दाणा उचलला. ‘अम्मा, ये तो कंदीपप्पू है.’

‘हाव. तूरडाळ.’

‘आस्ट्रेलिया से लाये?’

‘लातूर से.’

यानंतरचे संभाषण दखनीत झाले आणि ते शब्दशः देण्याची माझी छाती नाही. लातूरहून नांदेडला, नांदेडहून हैदराबादला, हैदराबादहून मेलबर्नला आणि तेथून परत, असा डाळीचा दाखला सौ.नी क्रमवार दिला. ही आयात आहे की निर्यात, की निर्यात होऊन परत आलेला स्वदेशी माल, याचा त्या सद्गृहस्थाने प्रामाणिकपणे विचार केला. कपाळावर आठ्या आल्या, गेल्या. शेवटी त्याने बरणीचे झाकण आपल्या हाताने घट्ट लावले, अदबीने उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘अम्मा, अपनी इच दाल है. ले जाव. पर अगली बार उधर से जाव,’ आणि हिरवीकडे बोट केले.

काचीगुड्याहून गाडी धरून रात्री नांदेड गाठले. चार दिवसांनी मेहुणे भेटीस आले. सौ.नी त्याच डाळीचे वरण केले, वर तूप, लिंबू. आणि ते जेवता जेवता त्यांची नजर फळीवरच्या कांगारूकडे गेली. ते उठले. उष्ट्या हातानेच बरणी खाली घेतली, डाव्या हाताने चार दाणे काढले, एक दाताखाली धरला, दुसरा उजेडात फिरविला. मी घास हातात धरून बसलो.

‘दाजी,’ ते म्हणाले, ‘तिकडचा माल हे. रंग बगा. चव बगा. शिजायला बी मऊ. आपल्या लातूरच्या डाळीला असलं तेज राह्यलंच नाही आता. खत, औषध, काय काय मारायलेत लोकं.’ आणि पुन्हा पाटावर बसत, ‘कुठली म्हणायची ही? सिडनी साइडची का?’

सौ.नी वरणाची पळी हातात धरून माझ्याकडे पाहिले. मी आजीचा नातू होतो. मी भाकरी मोडली आणि खाली पाहून जेवू लागलो.

‘दादा, अजून वाढू का?’ सौ. म्हणाल्या.