अनाथ सिनेमांचे पालक

प्रत्येक फिल्म सोसायटीत हे गृहस्थ असतातच. वेस्टर्नवाल्या सर्जिओ लिओनेचा विषय निघाला की ते दयाळूपणे हसतात. "लिओने काय, सगळेच बघतात हो. 'डेथ राइड्स अ हॉर्स' पाहिलाय?" आपण पाहिलेला नसतो. त्यांना हेच उत्तर हवं असतं.

मग चहा गार होईस्तोवर कथा. १९६७ सालचा इटालियन वेस्टर्न, दिग्दर्शक ज्युलिओ पेत्रोनी. लहानग्या बिलच्या डोळ्यांदेखत घरच्यांची कत्तल होते आणि पंधरा वर्षांनी तो सूड घ्यायला निघतो. खुनी ओळखायचे खुणांवरून: कुणाच्या छातीवर चार एक्क्यांचं गोंदण, कुणाच्या कानात डूल. पंधरा वर्षांत माणूस चष्म्याच्या चार फ्रेमा बदलतो, आणि या दरोडेखोरानं तेच डूल जपून ठेवलं? "दरोडेखोर झाला म्हणून काय, त्याला आवडनिवड नसते?" गृहस्थ उसळतात.

मोठ्या बिलचं काम करणाऱ्या जॉन फिलिप लॉचा चेहरा रागात, दुःखात, उन्हात एकसारखाच राहतो, हे सांगून पाहा. "बालपणीचा धक्का आहे तो! चेहरा गोठलाय त्याचा." योगायोगांची रांग लागते, तिला ते नियती म्हणतात. मधला भाग रेंगाळतो, तो म्हणे संयम.

पण ली व्हॅन क्लीफचं नाव आलं की मी गप्प बसतो, कारण तिथे त्यांचं खरं आहे. साथीदारांनी अडकवल्यामुळे तुरुंगात सडून आलेला त्याचा रायन बिलच्याच शत्रूंच्या टोळीच्या मागावर असतो. पोराला चकवून दर वेळी तो पुढे निघून जातो आणि डोळे बारीक करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. तेवढ्यावर चित्रपट तोलला जातो. बिलला कत्तलीची ती रात्र आठवली की पडदा लाल होतो आणि एन्यो मोरिकोनेचं संगीत अंगावर येतं. टॅरंटिनोनं २००३ साली 'किल बिल'मध्ये तेच संगीत वापरलं. हे सांगताना गृहस्थांचा ऊर अभिमानानं भरतो, पण आवाज पडतो. गुपित फुटलं ना!

शेवटचं रहस्य ते समोरच्याला चित्रपट पाहण्याआधीच सांगून टाकतात. एवढं होऊनही कुणी घरी जाऊन तो पाहिलाच आणि "आवडला बुवा" म्हणालं, तर ते खट्टू होतात. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे आणखी अनोळखी वेस्टर्न तयार असतो.

व्हॅन क्लीफ आणि मोरिकोनेसाठी हा चित्रपट जरूर पाहा. फक्त पाहिलात हे गृहस्थांना कळू देऊ नका.